कांद्यांची लिफ्ट

मी लिफ्टचं काम करतो आणि माझी आई लिफ्टमध्ये बसत नाही. ही गोष्ट मी बरेच दिवस बाहेर कुणाला सांगितली नव्हती. हलवायाच्या घरी कुणी गोड खात नाही असं ऐकलं तर लोक हसून सोडून देतात. पण लिफ्टवाल्याचीच आई जिना चढते म्हटल्यावर समोरचा माणूस आधी माझ्याकडे आणि मग त्याच्या बिल्डिंगच्या लिफ्टकडे बघतो, आणि ते बघणं मला परवडणारं नाही.

माझं गाव लातूरकडचं. आठवीनंतर शाळा सुटली. गावातले एक काका ठाण्यात लिफ्टच्या कामावर सुपरवायझर होते. ते सुट्टीला आले आणि जाताना मला बरोबर घेऊन गेले. त्यांनी माझ्या हातात पाना दिला, अंगावर स्वतःचा जुना शर्ट दिला, आणि पहिल्याच दिवशी सांगितलं की या धंद्यात धीट पोरं मला नकोत, घाबरट हवीत. मी घाबरटच होतो, त्यामुळे टिकलो. आजही दसऱ्याला सोनं द्यायला मी सगळ्यात आधी त्यांच्या दारात असतो. मात्र ती कामावरची भीती मी घरी पण आणतो. गॅसचं बटण बंद केलं की नाही ते मी बघतो, बायको बघते, मग तिने नीट बघितलं की नाही ते मी बघतो. बायको म्हणते, "तुमच्याशी लग्न नाही झालं माझं, इन्स्पेक्शन झालं."

ती कोपरला चाळीत वाढलेली. तिचे आईवडील कोकणातले. आम्ही डोंबिवलीच्या पुढच्या नव्या टाउनशिपमध्ये चौदाव्या मजल्यावर भाड्याने घर घेतलं, तेव्हा ती पहिला अख्खा दिवस खिडकीतून माहेरची चाळ कुठे दिसते ते शोधत होती. दिसली नाही. पण त्या बाजूला बघून ती रोज चहा प्यायची, आणि चाळीतल्या बायकांना आता आपण वरून दिसत असू असा तिचा समज होता. मुलगी आमची पाचवीत. सगळं बरं चाललेलं.

मग वडील गेले. गावाकडे आई एकटी राहिली. एक खोली आणि दारात बाभळ, एवढंच उरलेलं. एकदा ती न्हाणीत घसरून पडली आणि दुपारी दूधवाली आली तेव्हा कुठे कुणाला कळलं. मी त्याच आठवड्यात गेलो आणि तिला घेऊन आलो. टाउनशिपच्या गेटपर्यंत ती खुशीत होती. लॉबीत लिफ्टचं दार उघडलं आणि ती थांबली.

"ह्ये कपाट हाय का?"

"लिफ्ट आहे आई. यातून वर जायचं."

"कशावर लटकलंय ह्ये?"

मला बरं वाटलं. घरच्या माणसाने माझ्या कामाबद्दल प्रश्न विचारण्याची ती पहिलीच वेळ. मी सामान खाली ठेवलं आणि नीट समजावलं. वर लोखंडी दोर असतात, एक नाही, चार-पाच असतात, आणि त्यातला एकटा दोरसुद्धा अख्ख्या लिफ्टचं वजन पेलतो.

"मग बाकीचं कशाला लावल्यात?"

"सेफ्टीसाठी."

"म्हंजी तुटत्यात," आई म्हणाली आणि जिन्याकडे वळली.

चौदा मजले ती चढली. मधल्या एका मजल्यावर एका बाईने पाणी दिलं, पुढे एकाने खुर्ची आणली, आणि खुर्चीवर बसल्या बसल्या आईने त्यांच्या घरात किती माणसं, कोण काय करतं हे सगळं विचारून घेतलं. मी तिथे वर्षानुवर्षं राहत होतो, मला त्यातल्या एकाचंही आडनाव माहीत नव्हतं. वर पोचल्यावर ती गुडघे धरून बसली आणि म्हणाली, "आता खाली उतरायचं ते येकदाच. गावाकडं जाताना."

आणि खरंच ती उतरली नाही. दिवाळी गेली, संक्रांत गेली, होळी आली. दाराजवळ खिळ्याला तिची काळी रेक्झिनची पिशवी टांगलेली असायची. आत दोन लुगडी, वडिलांचा फोटो आणि औषधांचा डबा. गोळी घ्यायची वेळ झाली की ती पिशवी उघडायची, गोळी घ्यायची आणि पिशवी पुन्हा बंद करून ठेवायची. कपाटात एक खण तिच्यासाठी रिकामा केला होता, तो रिकामाच राहिला. रोज मी कामावरून आलो की पहिला प्रश्न, "कदी सोडतूस?" मी विषय बदलायचो. तिला गावी सोडलं तर ती पुन्हा पडेल आणि या वेळी दूधवाली यायची नाही, हे चित्र मला दिवसभर दिसायचं. लिफ्टच्या खड्ड्यात उतरलो तरी दिसायचं. पण चौदाव्या मजल्यावर ठेवलेली आईसुद्धा मला बघवत नव्हती. गॅलरीत बसून ती खाली चालणारी माणसं मोजायची.

उन्हाळ्यात मला शहाडच्या पुढच्या एका गावात कामाला पाठवलं. उल्हास नदीच्या काठचं आगऱ्यांचं गाव. त्यांच्यातल्या एका घराने जमीन विकून तीन मजली बंगला बांधलेला, आणि बंगल्यात लिफ्ट. तक्रार अशी की लिफ्ट बंद आहे. मी गेलो तर तळमजल्यावर लिफ्टच्या दारात एक म्हातारी स्टूल टाकून बसलेली. नऊवारी गुडघ्यापर्यंत, नाकात मोठी नथ.

"तू लिफ्टवाला का? ती बिघरली नाय. तिचा दार लागत नाय."

दार लागणार कसं? आत कांद्यांच्या दोन गोणी होत्या, तांदळाची एक, आणि कोपऱ्यात लसणाच्या जुड्या टांगलेल्या.

"आजी, आत कांदे आहेत."

"मंग? थंड हाय ना ती. बाहेर ठेवलं त कुजतांन."

"पण मग तुम्ही वर कशा जाता?"

"मी कशाला वर जाऊ? वर सुना रातांन. पोरांना हौस, जमीन इकली न् घरात पालना बांधला. मी नाय बसले कवा. माजे पाय जमिनीवर पायजेत."

मी पाना खाली ठेवला. म्हटलं, आजी, आमच्या घरी पण एक आहे असंच म्हणणारी. आणि का कुणास ठाऊक, मी त्या अनोळखी बाईला सगळं सांगून टाकलं. पिशवी, गोळ्या, गॅलरी. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बायला वर टांगून ठेवलास रे." मग उठून मला बंगल्यामागे घेऊन गेली. तिथे तिचं जुनं घर होतं. दोन खोल्या, कौलं, पुढे शेणाने सारवलेला ओटा, आणि ओट्याला लागून गल्ली. "रिकामा हाय. आन तिला खाली."

बायकोला पटवायला वेळ लागला. "अहो, चाळीतून मी टॉवरमध्ये आले. आता टॉवरमधून कौलात? लोकं वर जातात, आपण रिव्हर्स घेतोय." मुलीची शाळा, पाणी, विंचू, सगळ्या विषयांवर चर्चा झाली. शेवटी ती म्हणाली, "दिवाळीपर्यंत बघू. आईंचं मन रमलं तर ठीक. नाही रमलं तर आई गावाला आणि आपण परत वर. मध्ये लटकायचं नाही." आई म्हणाली, "दिवाळीपातूर बघती. मग मला सोडायचं." चौदा मजले ती जिन्यानेच उतरली आणि पिशवी तिने टेम्पोत ठेवू दिली नाही. मांडीवर घेऊन बसली आणि नव्या घरात पोचल्यावर आधी खिळा कुठे आहे ते शोधलं.

खाली राहायला आम्हाला येत नव्हतं, हे पहिल्याच आठवड्यात कळलं. टॉवरमध्ये सकाळी कचऱ्याची पिशवी दाराबाहेर ठेवली की ती आपोआप नाहीशी होते. बायकोने तशीच ठेवली. ती नाहीशी झाली, पण गल्लीभर. कोंबड्यांनी आणि दोन कुत्र्यांनी मिळून ती दारोदार पोचवली, आणि आम्ही आदल्या दिवशी काय खाल्लं ते गावाला कळलं. दुसरं म्हणजे दार. आम्हाला दार लावून बसायची सवय. तिसऱ्या दिवशी शेजारचे दोन म्हातारे टोप्या काढून ओट्याशी येऊन उभे राहिले. दिवसाढवळ्या दार बंद म्हणजे घरात कुणीतरी गेलं असणार, आणि नवीन माणसं, सांगायला लाजत असतील, म्हणून ते मदतीला आले होते. बायकोने त्यांना चहा दिला. त्यानंतर दार उघडं राहिलं, फक्त मी येता जाता त्याची कडी तपासायचो.

आई मात्र दुसऱ्या दिवसापासून ओट्यावर. आजी सकाळी वालांनी भरलेलं सूप घेऊन यायची आणि दोघी सोलत बसायच्या. एक आगरी बोलायची, एक लातूरची. निम्मं एकमेकींना कळत नसावं, पण दोघींनाही ऐकण्यापेक्षा बोलायचंच जास्त असल्यामुळे अडचण आली नाही. आजी आईला "बाय" म्हणायची, आई तिला "आक्का". आई माळकरी, मटण-मासळी वर्ज्य. आजीच्या घरी मासळीशिवाय घास उतरत नाही. तरी आजी हात घासून, तोंड धुऊन मगच आईच्या शेजारी बसायची. "कदी सोडतूस" हा प्रश्न आधी रोजचा होता, तो आठवड्यावर आला. पिशवी खिळ्याला होती, पण एक दिवस मी बघितलं, औषधांचा डबा बाहेर कोनाड्यात आलेला. मी कुणाला काही बोललो नाही. असल्या गोष्टी बोललं की बिघडतात, असं मला वाटतं.

आणि मग आजीच्या नातवाचं लग्न निघालं.

आगऱ्यांच्या लग्नात हळदीला लग्नापेक्षा मान. आजीची थोरली सून हळदकुंकू आणि अक्षता घेऊन आमच्या दारात आली. आई तेव्हा देवळात गेलेली. सून म्हणाली, "सगल्यांनी याचा. घरात कोन रायचा नाय. बायला घेऊन याचा." बायकोने हसून "हो हो, नक्की" म्हटलं.

आता टॉवरमध्येही लोक असंच म्हणतात. सगळ्यांनी या, फॅमिलीला घेऊन या. पण तिथे सगळे गेले तर यजमान पाहुण्यांकडे न बघता ताटांकडे बघतात. दोघांनी जायचं, पाकीट द्यायचं, थोडं खायचं, बाकीचे घरी जेवतात. याला तिथे चांगलं वळण म्हणतात, आणि ते वळण मी फार कष्टाने शिकलो होतो. म्हणून मी बायकोला म्हणालो, "एवढं मोठं कार्य, आपण चौघांनी कशाला गर्दी करायची? मी आणि पोरगी जाऊन येतो. आई तर तिथलं काही खाणारही नाही, तिकडे सगळं मटण." बायको म्हणाली, "मग मी त्यांच्यासाठी वरणभात लावते. मला पण तोच." आमच्या मते आम्ही चांगलेच वागत होतो.

हळदीच्या दिवशी सकाळपासून डीजे. भिंतीवरचं घड्याळ खिळ्यासकट हलत होतं. दुपारी मी मुलीला घेऊन मंडपात गेलो. एका कोपऱ्यात तीन कोरी पातेली झाकून ठेवलेली, प्रत्येकावर हळदीकुंकवाची बोटं, आणि समोर एक म्हातारा काठी घेऊन बसलेला. मी विचारलं, बाबा, इथे का बसलात?

"राखन. मटनाचा चमचा यात नको पराया. ती तुमची माल घातलेली बाय हाय ना, तिचा जेवन हाय. म्हातारीनं सोताच्या हातानं रांधलाय, पाटं उठून."

आणि घरी बायको आईसाठी वरणभात लावणार होती. मी बायकोला फोन करायला खिशात हात घातला.

तेवढ्यात डीजे बंद झाला. धवलारीण आलेली, म्हणजे लग्नाची जुनी गाणी म्हणणारी म्हातारी. तिचं गाणं सुरू झालं की बाकी आवाज बंद. सगळा मंडप गप्प झाला. तिचा बारीक आवाज लागला, दुसरी ओळ झाली, तिसरी झाली, आणि आमच्या घरातून शिट्टी आली.

साधी शिट्टी असती तर कदाचित निभावलं असतं. पण जुनी शिट्टी फुसफुसायची, तिच्यावर माझा विश्वास नव्हता, म्हणून मी आठवड्यापूर्वीच कुकरची रिंग आणि शिट्टी नवीन आणून बसवली होती. ती मालगाडीसारखी वाजली. धवलारीण थांबली. माणसं मान वळवून बघायला लागली.

"कोनाची चूल पेटली?" राखणीवाला म्हातारा म्हणाला.

दुसरी शिट्टी झाली. त्याने माझ्याकडे बघितलं, आणि शिक्षकासारखं समजावून सांगितलं. हळदीचं आमंत्रण चूलबंद असतं. त्या दिवशी गल्लीत कुणाच्या घरी चूल पेटत नाही, चहासुद्धा होत नाही. जो पेटवतो तो सांगतो की तुमचं अन्न आम्हाला चालत नाही. समोर आजी उभी होती, हातात पळी, नवीन लुगडं. ती माझ्याकडे बघत नव्हती. आमच्या घराच्या कौलांकडे बघत होती. तिसरी शिट्टी झाली आणि मुलगी माझा हात ओढून म्हणाली, "बाबा, आपला कुकर तीनच शिट्ट्यांचा आहे ना?"

आईला हे सगळं माहीत होतं. आमच्या गावाकडे पण चूलबंदच असतं, मी घर लवकर सोडलं म्हणून मला ठाऊक नव्हतं. ती मागच्या न्हाणीत होती. आंघोळ करून, ठेवणीतलं लुगडं नेसून जेवायला जायला म्हणून बाहेर आली आणि कुकर बघून तिथेच खाली बसली. "कुणासाटी लावला गं?" बायको म्हणाली, "तुमच्यासाठी."

मग आई एकटी मंडपात आली. आजीने तिला पाट दिला, तिन्ही पातेल्यांतलं वाढलं, आणि एक शब्द बोलली नाही. आईने जमेल तेवढं जेवून तिला मनवायचं ठरवलं. भात तीनदा घेतला, भाजी चारदा. संध्याकाळी पोट धरून ओट्यावर बसली, पण आजी गल्लीतून गेली ती दुसरीकडे बघत.

दुसऱ्या दिवशी वाल आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. कुणी भांडलं नाही, कुणी टोमणा मारला नाही. मुलांनी फक्त मला बघून तोंडाने शिट्टी वाजवायला सुरुवात केली. कोनाड्यातला औषधांचा डबा पिशवीत परत गेला.

"दिवाळीची वाट कशाला बगायची?" आई म्हणाली. "सोड मला."

मी घाबरलो आणि घाबरलेला माणूस जे करतो ते केलं, म्हणजे सगळंच. कल्याणहून मिठाईचा खोका आणला आणि बंगल्यावर गेलो. आजीने खोका माझ्या हातातच ठेवला. "घरी न्या. तुमी घरीच खाता ना." मग मी एका रविवारी न सांगता जाऊन त्यांची लिफ्ट फुकटात सर्व्हिस केली. कांदे बाहेर काढले, तेलपाणी केलं, आरसा पुसला. आजीने येऊन बघितलं आणि विचारलं, "कांदं कुठं गेलं?" मी उन्हात ठेवले होते. पुढचं सांगत नाही.

आईने माझी हकीकत ऐकली. "शिट्टीनं झालेला अपमान सर्व्हिसिंगनं जातूय व्हय रं? त्यांची चूल आपून बंद करायची. समदं घर जेवाया बोलवायचं, आन मग मला सोड. असं त्वांड चुकवून मी जाणार न्हाई."

"आई, ते वीस-पंचवीस जण आहेत," बायको म्हणाली.

"मग पंचवीस भाकऱ्या का? जास्तीच लागतील."

दुसऱ्या दिवशी आई हळदकुंकवाची वाटी आणि अक्षता घेऊन बंगल्यावर गेली. मी मागे. आजी दारातच होती, स्टुलावर. आई विधवा, पण ती असलं काही पाळत नाही; तिने आजीला कुंकू लावलं, अक्षता दिल्या. "आक्का, समद्यांनी यायचं. घरात कुणी ऱ्हायचं न्हाई." आजीने अक्षता पदरात घेतल्या. नाही म्हणता येत नाही, कुंकू नाकारायचं नसतं. पण तोंड तसंच. म्हणाली, "ही माजी चूल झाली. वर दोन चुली हायत. पोरं येगली जेवतांन. दुसरा माला न् तिसरा माला."

आमंत्रण चुलीपाशी जाऊन द्यायचं असतं. आईने जिन्याकडे बघितलं. संगमरवरी, गुळगुळीत. ते चौदा मजले चढल्यापासून तिचे गुडघे काही तिचे राहिले नव्हते, आणि आजीला हे वालाच्या सुपासमोर रोज ऐकून माहीत होतं. सुना वरून डोकावल्या, एक म्हणाली, आम्ही खाली येतो ना बाय. आजी म्हणाली, "तुमी थांबा वर."

आईने एक पायरी चढून बघितली. कठड्याला धरलं. दुसऱ्या पायरीवर ती थांबली आणि मागे वळून लिफ्टकडे बघायला लागली. मग वाटी सावरत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "कांदं काड रं."

मी गोणी बाहेर ओढल्या. सावलीत ठेवल्या. या वेळी विचारून ठेवल्या. आई दारापर्यंत गेली, एक पाऊल आत टाकलं, बाहेर काढलं.

"दोर किती हायत?"

मी शिकलो होतो. "एकच आहे आई. जाड."

हे खोटं होतं. धंद्यात आल्यापासून लिफ्टबद्दल मी बोललेलं ते एकमेव खोटं. आई आत गेली आणि कोपऱ्यात लसणाच्या जुडीखाली पाठ टेकून उभी राहिली. मी बटण दाबणार एवढ्यात आजी स्टुलावरून उठली.

"थांब. माजी लिफ्ट, न् ती पयली बसंल?"

"आजी, बसा की."

"मी बसाया नाय आले. बगाया आले." असं म्हणून ती आत आली, आणि दार लागल्याबरोबर तिने आईचा दंड पकडला. आईने तिचा. लिफ्ट निघाली. दोघींनी डोळे मिटले. दोन मजल्यांचं अंतर ते केवढं, पण आईचं पांडुरंग पांडुरंग आणि आजीचं एकवीरा आई एकवीरा आई, दोन्ही जोरात. पहिल्या मजल्याजवळ लिफ्ट जरा हलली. मी म्हटलं, "काही नाही, तेल नवीन आहे." आजी डोळे न उघडता म्हणाली, "तूच घातलास ना मेल्या."

"आक्का," आई पुटपुटली, "कुकर मी न्हाई लावला."

"मना ठाव हाय."

"मग बोलत का न्हवतीस?"

"तूच येशील ती वाट बगत होते. तू पोराला पाठवलास, खोका घेऊन."

दार उघडलं तेव्हा दोघी एकमेकींना धरून उभ्या होत्या, आणि बाहेर अख्खं घर जमलेलं. तीन पोरं, सुना, नवी नवरी, सगळे. आजीने पदर सारखा केला आणि सुनांना म्हणाली, "बगता काय? बायला पानी द्या. घाबरली ती." आईने दोन्ही चुलींच्या सुनांना तिथेच कुंकू लावलं, तिसऱ्या माल्यापर्यंत जायचा आग्रह आजीने धरला नाही. परत उतरताना दोघी जिन्याने उतरल्या, एकमेकींच्या आधाराने, आणि सांगायला हरकत नाही, त्यानंतर दोघींपैकी कुणीही लिफ्टमध्ये बसलेली नाही. कांदे त्याच संध्याकाळी परत आत गेले.

रविवारी जेवण झालं. गव्हाची खीर, येसराची, म्हणजे भाजून दळलेल्या मसाल्याची आमटी, ज्वारीच्या भाकऱ्या, भात. ओट्यावर, अंगणात, गल्लीत पंगती. भात बायकोने कुकर न वापरता शेजाऱ्यांकडून आणलेल्या मोठ्या टोपात केला. कुकर तिने कपाटात घालून कपाटाला कुलूप लावलं होतं आणि किल्ली माझ्याकडे दिली होती. मी ती दोनदा तपासली. मटणाशिवाय एवढी माणसं पहिल्यांदाच जेवली असं आजीचा मधला मुलगा म्हणाला, पण खीर त्याने वाटीने नाही, पातेल्याने संपवली. आजी जेवून उठली, स्वयंपाकघरात गेली, इकडे तिकडे बघितलं. "ती शिट्टीवाली कुठं हाय?" बायकोचा चेहरा उतरला. आजीने तिच्या पाठीवर एक धपाटा घातला आणि हात धुवायला गेली.

पावसाळा सरला आणि दिवाळी जवळ आली. आई पिशवीबद्दल काही बोलत नव्हती आणि मी विचारत नव्हतो. मात्र बायकोने आठवण ठेवलेली. "ठरल्याप्रमाणे विचारायला हवं, अहो. नाहीतर तुम्ही आयुष्यभर तिच्या चेहऱ्याकडे बघत बसाल." म्हणून मी कामावरून येताना मनाशी वाक्य जुळवत आलो. ओट्यावर आई एकटीच होती आणि पुढ्यात तिची काळी पिशवी, उलटी करून उन्हात वाळत घातलेली. लुगडी आत कपाटात गेली होती. वडिलांचा फोटो भिंतीवर, जिथे आधी घड्याळ होतं तिथे.

"हे काय?"

"आक्का कल्याणच्या बाजाराला गेल्ती. तिची पिशवी फाटली म्हणून माझी न्हेली." आईने नाकाला पदर लावला. "त्यात सुकट आनली बग. किती धुतली, वास जाईना. आता ह्यात लुगडी कशी घालू? माळ हाय गळ्यात."

समोरच्या ओट्यावर आजी सूप पाखडत होती. मान वर न करता म्हणाली, "मी मुद्दाम नेली का?"

आईने पिशवीवरची माशी हाकलली. मी वाक्य जुळवून आणलं होतं, पण ते आता बसत नव्हतं. मी म्हटलं, "नवी पिशवी आणू का? स्टेशनला मिळतात."

आईने पिशवी दुसऱ्या बाजूने उलटली आणि परत उन्हात ठेवली.

"कशाला उगं खर्च," ती म्हणाली. "वास जाऊ दे की आधी."

वास अजून गेलेला नाही. मी मधून मधून जाऊन बघतो.